नायकाचा रुमाल

यशोधराची नेहमीची झेरॉक्सवाली त्या दिवशी लग्नाला गेली होती, म्हणून ती शेजारच्या दुकानात शिरली. कोल्हारात दिसेल त्या दुकानदाराला ‘दादा’ म्हणणारी ही मुलगी. पण कॉम्प्युटरमागून तुषारनं मान वर केली आणि तो शब्द तिच्या ओठांवरच राहिला... राहिला तो राहिलाच.

“कादंबरी टाईप करायची आहे. प्रेमकथा,” ती म्हणाली.

आठवड्यानं टाईप केलेली पानं हातात देत तो म्हणाला, “मॅडम, एक विचारू? तुमचा हिरो जेवतो कधी? दीडशे पानं झाली, नुसता गाडीतनं फिरतोय.”

“तो विक्रांत आहे. सहा फूट उंच, घारे डोळे. त्याला भूक लागत नाही.”

“मग अवघड हाय त्याचं.”

ती तणतणत घरी गेली. पण पुढे पुण्याच्या प्रकाशकांचाही तोच सूर – नायक पटत नाही, सोमवार संध्याकाळपर्यंत बदला, नाहीतर कादंबरी परत. तिचं पहिलंवहिलं पुस्तक एका विक्रांतपायी बुडायची वेळ आली.

शनिवारी ती पुन्हा दुकानात गेली, तेव्हा म्हाताऱ्या कलाबाई पेन्शनचा अर्ज घेऊन आल्या होत्या. तुषार खुर्ची सोडून त्यांच्याजवळ बाकावर बसला आणि ओळ न् ओळ वाचून दाखवली. “समजलं ना, आजी? मगच अंगठा द्या.” नंतर अंगठ्याची शाई त्यानं स्वतःच्या पांढऱ्या रुमालानं हलकेच पुसली. दारात उभी असलेली यशोधरा बघतच राहिली. विक्रांतचा निकाल तिथल्या तिथे लागला.

रविवारभर तिनं नायक नव्यानं लिहिला. सोमवारी सकाळी पानं तुषारच्या टेबलावर ठेवून घाईनं निघाली, रस्ता ओलांडला, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला – ही पानं टाईप करणार कोण? तोच की.

मागं फिरावं तर मध्ये उसाच्या ट्रॉल्या, एकामागून एक तीन. ती दुकानात पोचली तेव्हा तो तिसऱ्या पानावर होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

“मॅडम... ह्या नव्या हिरोचा रुमाल वळखीचा वाटतोय.”

तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं. नाही म्हटलं, तर तो मुकाट्यानं टाईप करून देणार, पुस्तक निघणार, आणि उरलेला जन्म ती ह्याला ‘दादा’ म्हणणार. छे. असला भित्रेपणा तिनं आपल्या नायिकेलाही कधी करू दिला नव्हता.

“तुमचाच आहे,” ती म्हणाली. “अख्खा नायकच तुमच्यावरून घेतलाय. राग आला असेल तर सांगा.”

तुषार कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडेच बघत राहिला. “राग न्हाई. पण एक चूक हाय. इथं लिहिलंय – ती दारात उभी होती, पण त्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.”

“मग?”

“लक्ष हुतं,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासनं.”

यशोधरानं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली.

“मग करा दुरुस्त,” ती म्हणाली. “आणि पुढच्या पानावर त्याला जेवायला बसवा... तिच्या घरी.”