यशोधराबाईंची तंबाखू

हवालदार अंजना डिंभे गावच्या तंबाखूच्या वखारीत पोहोचली, तेव्हा चोर ठरवूनही झाला होता. मालक हौशीरामने तक्रार लिहून, खाली सही ठोकून तयार ठेवली होती. त्यात एकच नाव होतं, यशोधराबाईंचं. चौकशीच्या आधीच निकाल लागलेला बघून अंजनाचं डोकं फिरलं.

प्रकरण असं होतं. हौशीरामची चिलमीची तंबाखू थेट भीमाशंकरपर्यंत खपायची. वर्षभर मुरवलेलं पान आणि त्यात गुऱ्हाळाची काकवी. वीस वर्षं हे मिश्रण यशोधराबाई जमवत होत्या. स्वतः कधी ओढायच्या नाहीत. चिमूटभर जाळून वास आणि राख बघायच्या. राख पांढरी पडली, त्यांनी मान हलवली, की माल पास. काल संध्याकाळी दोन पोती पास करून त्यांनीच कुलूप लावलं होतं. आज सकाळी त्याच पोत्यांत भलताच माल निघाला.

हे उघडकीला आणलं हौशीरामच्या मेव्हण्याने, रामनाथने.

"तुम्हाला कसं कळलं?" अंजनाने त्याला विचारलं.

"ह्याच पोत्यातली चिलीम भरली, ताई. लई कडू. घसा पार सोलला."

"कुठली चिलीम?"

"ही काय, टेबलावर. तवाधरनं पुन्हा भरली न्हाई."

"किती ओढली?"

"समदी. खात्री नको करायला?"

चिलमीत पांढरीशुभ्र राख होती. अंजनाने ती कागदावर झटकून पुडी बांधली.

किल्ल्या किती? दोन, हौशीराम म्हणाला. एक बाईंकडे, दुसरी घरात खुंटीवर. घरात तो, बायको आणि रामनाथ. म्हणजे बाईच, असं त्याने वर ऐकवलंही. घरातले तिघं सोडून याचं बोट बरोबर बाहेरच्या बाईकडे वळतं, याचा अंजनाला संताप आला.

यशोधराबाई दाराशी उभ्या होत्या. वीस वर्षांची अब्रू जात होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता राग होता. पोत्यातली चिमूट बशीत जाळा, असं त्यांनीच सांगितलं. आंबूस धूर उठला.

"ही काकवी न्हाई. कारखान्याची मळी हाय, आन् पान कवळं. राख बघा."

राख काळीकुट्ट होती, चिकट. अंजनाने शेजारी पुडी उघडून ठेवली.

"रामनाथ, या पोत्यातल्या तंबाखूची राख काळी होते. तुमच्या चिलमीत पांढरी आहे. म्हणजे तुम्ही ओढलीत ती बाईंची तंबाखू, चोरलेली. खुंटीवरची किल्ली घेऊन पोत्यांतला माल तुम्हीच बदललात. आळ बाईंवर यावा म्हणून बोंब मारायची होती, त्यासाठी चिलीम ओढल्याचं दाखवायला हवं होतं. पण भिकार माल तोंडाला लावणं तुमच्या जिवावर आलं."

रामनाथने थोडा वेळ हुज्जत घातली, मग गोठ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी पास केलेला सगळा माल तिथे कडब्याखाली सापडला.

हौशीरामचा आवाज एकदम मऊ झाला. घरातली गोष्ट घरात मिटवू, बाईंनी उद्यापासून कामावर यावं, झालं गेलं सोडून द्यावं, असं तो म्हणू लागला. अंजनाने नव्या तक्रारीसाठी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. त्याने पेन धरलं, पण ते पुढे सरकेना.

"सकाळी माझं नाव लिवताना तुमचा हात थांबला न्हाई, मालक," यशोधराबाई म्हणाल्या. "आता कशापायी थांबला?"

त्याने मेव्हण्याचं नाव लिहिलं. बाईंनी ते नीट वाचलं, उद्या येणार नाही म्हणून सांगितलं आणि घरच्या वाटेला लागल्या.