दगडी दार आणि नऊ सेकंद

चंद्राभोवती फिरणाऱ्या ‘अरुंधती’ स्थानकावर रोज दुपारी जेवणाच्या टेबलावर फासे पडत, आणि तेही कामाचा भाग म्हणून. स्थानकाचा संगणक गोष्ट सांगे, खेळणाऱ्यांना तिच्यातलं एकेक पात्र देई, आणि पात्राचं काय होणार ते नियमांचं पुस्तक आणि फासे ठरवत. खेळाचं नाव कथापट. संगणकाला सगळे कारभारी म्हणत.

खेळायला बसणारी शर्वाणी मिराशी खरं तर परीक्षक होती. स्थानकाची हवाबंद दारं महिनाभर चाचणीपुरती कारभाऱ्याकडे होती. ती कायमची द्यायची का, हे तिला ठरवायचं होतं. हवा गळू लागली की नवव्या सेकंदाला दार बंद व्हायलाच हवं, पलीकडे कोणीही अडको, नाहीतर सगळेच जाणार. असल्या कामाला पुस्तकी पोपट चालत नाही आणि मनाचा राजाही चालत नाही. ते पारखायला कथापटासारखी कसोटी नाही, असं तिचं ठाम मत.

आणि त्या दुपारी नेमकी माशी शिंकली. तंत्रज्ञ प्रभंजन कोयंडे याचं पात्र भुयारात होतं. त्याचा फासा पडला एक, म्हणजे दगडी दार कोसळणार आणि खाली असेल तो मरणार. कारभाऱ्याने मात्र शांतपणे विचारलं, दार खाली पोचायला क्षणभर लागेल, तू काय करतोस? प्रभंजन खजिन्याची पिशवी उचलू लागला, मग चरफडत ती टाकून त्याने पात्राला बाहेर लोटलं. वाचला.

शर्वाणीचं डोकं फिरलं. हा तर सरळसरळ लाड! उद्या खरं दार असंच कोणासाठी ताटकळत ठेवलं तर? तिने अहवालात ‘अपात्र’ लिहिलं. सही तेवढी राहिली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी वाळूच्या कणाएवढ्या उल्केने कोठाराची भिंत भेदली. शर्वाणी दाराच्या अलीकडे, प्रभंजन पलीकडे कोठारात. तो हत्यारांची पेटी उचलायला वाकला.

“प्रभंजन, नऊ सेकंद आहेत. काय करतोस?” कारभाऱ्याचा तोच टेबलावरचा आवाज.

“पेटी सोडतो,” म्हणत प्रभंजनने उडी घेतली. नवव्या सेकंदाला दार बंद झालं.

शर्वाणीचा जीव भांड्यात पडला. प्रभंजन पेटीच्या नावाने गळा काढत होता, आणि कोणाची रडकथा तिला इतकी गोड कधी लागली नव्हती. मग ती संगणककक्षात गेली.

“तो आला नसता तर?”

“दार लावलं असतं,” कारभारी म्हणाला. “नियम बोलतो तिथे मी बोलत नाही. पण त्या नऊ सेकंदांत काय करायचं, यावर नियम गप्प आहे.”

हेच उत्तर तिला हवं होतं. “मग काल भुयारात?”

“तेच. दार पडणार हे फाशाने ठरवलं, तो कुठे असेल हे नाही. तीन डाव पाहिलं, हा माणूस सामान सोडत नाही. म्हणून दाराखाली सराव करून घेतला.”

म्हणजे इतके दिवस टेबलावर परीक्षा कोणाची चालली होती? शर्वाणीला हसू आवरेना.

“आणि माझ्यात काय पाहिलंस?”

“तुम्ही रागात लिहिता, बाई. पण सही करत नाही.”

तिने अहवाल मागवला, ‘अपात्र’मधला ‘अ’ खोडला आणि सही केली.