दुसऱ्या साक्षीदाराचा रकाना

“एकट्याने पाहिलेला पक्षी हा पक्षी नव्हे, सेत्सु. तो त्या माणसाचा भास. दोघांनी हो म्हटलं, तरच यादीत नावापुढे गोल काढायचा.”

एझोए-गुरुजींचा हा आवाज आठवला की सेत्सुला त्यांच्या तोंडाला येणारा आल्याच्या गोळीचा वासही आठवे. गुरुजी जाऊन तीन वर्षं झाली. पक्षिमंडळाची यादी, ती अडकवायची लाकडी पाटी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल आता सेत्सुकडे होती. तीस वर्षांच्या याद्यांत एकही खोटा गोल नव्हता, आणि आपल्या हातून तो पडू नये एवढंच ती देवापाशी मागत असे.

सप्टेंबरअखेरचा रविवार होता. पितरांचा आठवडा चालू होता. भातशेतांच्या कडेला लाल लिली उभ्या होत्या. पहाटे देवघरातल्या तसबिरींपुढे गोड पुरणात घोळवलेले भाताचे लाडू ठेवून, धूप लावून, नऊच्या ठोक्याला सेत्सु बांधावर हजर झाली. आरिआकेच्या या समुद्राची भरती दोन मजले चढते. ओहोटीला नजर पोचेल तिथवर करडा, चकाकणारा चिखल. आणि भरती आली की पाणी पक्ष्यांना ढकलत ढकलत पार बांधाच्या पायथ्याशी आणून सोडतं. बघायचं ते तेव्हाच.

त्या चिखलाच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर लाल फडक्यांचे बांबू रोवून झाले होते. तिथे भराव घालून सूर्याच्या विजेच्या पट्ट्या बसवायच्या होत्या. हरकती घ्यायची शेवटची वेळ बुधवारी संध्याकाळी पाच. चमचचोची तुतवार इथे उतरते असं सिद्ध झालं, तरच भराव थांबणार होता. चिमणीएवढा पक्षी, चोचीचं टोक चमच्यासारखं चपटं. साऱ्या जगात आता काही शेच उरलेला. अर्जावर दोन साक्षीदारांची नावं लागत.

त्या दिवशी सेत्सु धरून सात माणसं आली होती. टोफूवाली त्सुरुमारू-आजी आल्या आल्या निवृत्त पोस्टमास्तर नानरींच्या मागे लागली.

“काय हो नानरी-सान, आज गळा मोकळा? त्या तोफेएवढ्या कॅमेऱ्याला सुट्टी दिली का?”

“दुरुस्तीला दिलाय,” नानरी म्हणाले आणि पाण्याकडे बघू लागले.

“गुडघे पण द्या मग. एकाच खेपेत काम होईल!”

सगळे हसले. नानरी हसले नाहीत. ते तासभर एकाच जागी उभे होते, जुन्या उताराच्या वर. पूर्वी चिखलात शिंपले वेचायला जाणारे लोक त्या पायऱ्यांवरून आपले चिखलपाट खाली सोडत. एक गुडघा फळीवर टेकवायचा, दुसऱ्या पायाने चिखल रेटत सरकायचं. आता तिथे कोणी जात नव्हतं.

पाणी उतरू लागल्यावर, रिवाजाप्रमाणे, सगळे पायऱ्यांवर बसून भाताच्या मुटक्या खाऊ लागले आणि सेत्सुने मेळ घ्यायला सुरुवात केली. पक्ष्याचं नाव वाचायचं, ज्यांनी पाहिलं त्यांनी हो म्हणायचं. वाचणाऱ्याची मान खाली, कान उघडे.

“कोरल?”

“हो.” “हो. दोनशे तरी.”

“चिखल्या?”

“हो, हो! मोजता मोजता डोळे फुटले.”

“चमचचोची तुतवार?” हे नाव ती दर वर्षी वाचत असे. दर वर्षी सगळ्यांनी गप्प बसण्यासाठीच ते असे.

“हो,” नानरी म्हणाले.

कोणी घास गिळला नाही.

“हो.” हा दुसरा आवाज मागून, खालून आला. हळू, पाठ केल्यासारखा, जरा उशिरा.

सेत्सुच्या पेन्सिलीने गोल काढलासुद्धा. मग तिने मान वर केली. “दुसरं कोण म्हणालं?”

सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

“अगं, तूच म्हणालीस ना?” त्सुरुमारू-आजी म्हणाली.

संध्याकाळी सेत्सुने पाची घरी फोन केले. सगळ्यांनी तो आवाज ऐकला होता. म्हणालं कोणीच नव्हतं. तिला राग आला नानरींचा. भराव थांबावा म्हणून म्हाताऱ्याने कुणाला तरी पढवून आणलं, हे उघड होतं. खोट्याच्या पायावर अर्ज केला आणि पकडलं गेलं, तर तीस वर्षांच्या सगळ्या याद्या कचऱ्यात. नाही केला आणि पक्षी खरा असला, तर तो चिखल कायमचा पुरला. रात्री जपाचे मणी ओढताना तिची मोजणी दोनदा चुकली.

सोमवारी सकाळी नानरी स्वतःच आले. दारातच त्यांनी पाकिटातून एक मोठा फोटो काढला.

पक्षी होता. पाण्याच्या कडेला, एक पाय उचललेला, चमच्याच्या टोकावर चिखलाचा थेंब. शंकेला जागाच नव्हती.

“कालचा आहे?”

“कालचा. भर भरतीतला.”

“कॅमेरा दुरुस्तीला होता ना?”

नानरींनी फोटो तिच्या हातात दिला. सेत्सुने भिंग आणलं. पक्ष्यामागे धूसर काँक्रीट होतं. तिला कळायला थोडा वेळ लागला. ते काँक्रीट म्हणजे बांध. फोटो समुद्राकडून काढलेला होता, पाण्याच्या पातळीवरून. जिथून काढला होता तिथे त्या वेळी दोन पुरुष पाणी होतं.

“होडीतून कोणाला पाठवलं होतंत?”

“होडी कुठे होती, सेत्सु-सान? तुम्ही तिथेच होता की.”

ती भिंग सरकवत गेली. बांधावर माणसांची रांग. त्सुरुमारू-आजीची फुलाफुलांची टोपी. एक, दोन, तीन… सात. सहावे नानरी, गळा मोकळा. बाकीचे इकडे तिकडे बघत होते. नानरी सरळ कॅमेऱ्याच्या भिंगात बघत होते. आणि त्यांच्या शेजारी सातवी ती स्वतः, वाकलेली, दुर्बिणीला डोळा लावलेली. दुर्बिणीचं तोंड नेमकं फोटो काढणाऱ्याकडे होतं.

तिला ती घटका आठवली. तिने पाणी पाहिलं होतं. नुसतं गढूळ, सपाट पाणी.

“बसा,” ती म्हणाली. “चहा ठेवते. मग सगळं सांगा. बंद पाकिटातल्या पत्रासारखं लपवून नको, सरळ सांगा.”

नानरींनी कप दोन्ही हातांत धरला, प्यायले नाहीत. “शुक्रवारी उताराच्या शेवटच्या पायरीवर कॅमेरा विसरलो. घरी पोचलो तोवर भरती चढलेली. म्हटलं, गेला. शनिवारी ओहोटीला जाऊन बघतो तर तिथेच. कोरडा ठणठणीत. आत त्या पक्ष्याचे तीन फोटो. मी न काढलेले.”

“आणि मग?”

“मग शनिवारी मुद्दाम ठेवला. माणसाला मोह होतो हो. काल संध्याकाळी उचलला.” त्यांनी कप खाली ठेवला. “मी तो पक्षी पाहिलेला नाही. शपथेवर. त्या तीन फोटोंत बघून हो म्हणालो. तुमच्या यादीतलं माझं हो खोडा.”

“तुमचं खोडलं तर उरतं कोणाचं?”

नानरी उठले. चपला पायांत सरकवल्या. “मला विचारू नका. मी त्या बांधावर परत पाय ठेवणार नाही. काल मला नुसतं पाणी दिसत होतं, सेत्सु-सान. पण नजर काढता येत नव्हती.”

ते गेल्यावर सेत्सुने फोटो पालथा घातला. या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे तिला चाळीस वर्षं माहीत होतं. कॅमेऱ्याबद्दल तो खोटं बोलला तेव्हा पाण्याकडे बघून बोलला होता. आज मात्र तो तिच्याकडे बघत होता.

मंगळवारी अकराची भरती होती. देवापुढे पाणी ठेवून सेत्सु एकटीच बांधावर गेली. मोठी दुर्बीण लावली. कोरल होते, चिखल्या होते, बांधाला पाणी चुबुक चुबुक लागत होतं. तासभर तिने एक एक पक्षी तपासला. त्यात ती तुतवार नव्हती.

मग तिने दुर्बिणीवरून डोळा काढला, जुन्या उताराच्या वरच्या पायरीवर गुडघे टेकले आणि घरात बोलावं इतक्या हळू आवाजात पाण्याला म्हणाली, “मला माझ्या डोळ्यांनी एकदा दाखवा. पहिल्या रकान्यात माझं नाव लिहीन. दुसऱ्यात तुमचं. नाव विचारायला उद्या ओहोटीला मी येईन. वचन.”

बोलून झाल्यावर तिची तिलाच लाज वाटली. ती उठली. डोळा लावला.

पक्षी समोर होता.

एक पाय उचललेला. चोच डावीकडे, उजवीकडे, चिखल चाळत. तिने अठरापर्यंत मोजलं.

मग सगळा थवा एकदम उडाला, जसा ससाणा आला की उडतो. आभाळात ससाणा नव्हता.

घरी येऊन तिने अर्जाच्या पहिल्या रकान्यात नाव लिहिलं. शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. दुसरा रकाना कोरा राहिला.

बुधवारी भरतीला तिने मंडळाला बोलावलं. सहाजण आले, नानरी आले नाहीत. दोन तास बारा डोळे लागून होते. पक्षी दिसला नाही.

“माझं नाव घाल की,” त्सुरुमारू-आजी शेवटी म्हणाली. “मी ऐंशीची आहे. मला कोण तुरुंगात घालतंय?”

“तुम्ही पाहिलात?”

“तू पाहिलास ना? मग झालं.”

“नाही होत, आजी.”

“गुरुजींचीच चेली! भराव पडेल तेव्हा यादी उराशी धरून बस.” आजीने तोंड फिरवलं, पण गेली नाही. बाकीचे आपापल्या कामाला गेले.

साडेतीनला पायथ्याचा चिखल उघडा पडला. ऊन स्वच्छ होतं. वारा नव्हता. कचेरी गाडीने अर्ध्या तासावर होती.

सेत्सुने आजीच्या नवऱ्याचा जुना चिखलपाट मागून आणला होता. अर्ज प्लास्टिकच्या पाकिटात घालून तिने पोटाशी बांधला, पेन केसांत खोचलं, बूट काढून वरच्या पायरीवर जुळवून ठेवले.

“अगं, कुठे निघालीस? कोणाकडे?”

“नाव विचारायला. सव्वाचारपर्यंत येते. गाडी चालू ठेवा.”

“तिथे कोण आहे?”

सेत्सुने पाट उचलला. एक एक पायरी जपून उतरत ती शेवटच्या पायरीवर पोचली आणि थांबली.

पाणी नुकतंच मागे सरलं होतं. चिखल आरशासारखा गुळगुळीत होता. त्यावर खेकड्याचंही पाऊल नव्हतं. फक्त एका चिखलपाटाची खूण होती. सरळ, ताजी, कडा अजून न ढासळलेली. शेजारी एका पायाने रेटल्याचे खळगे, सारख्या अंतरावर.

खूण थेट पाण्याकडून आली होती आणि पायरीशी संपली होती. परत जाणारी खूण नव्हती.

सेत्सुने पाट त्याच खुणेत ठेवला. तो नेमका बसला. तिने हात जोडले, एक गुडघा फळीवर टेकवला, आणि दुसऱ्या पायाने हळूच चिखल मागे रेटला.