माउसला हात न लावता

"नवीन घेऊ नका."

हर्षाली दचकली. दुकानात आपण एकट्याच आहोत असं समजून ती मघापासून मोठ्याने बोलत होती. "बघच तू, भंगारात घालते तुला, नवाच आणते..." असं बरंच काही. हे सगळं चाललं होतं काउंटरवर उघडून ठेवलेल्या तिच्या लॅपटॉपशी. त्याच्यावरचं ते पांढरं चक्र आपलं नुसतं फिरत होतं, फिरत होतं...

इंदिरानगरातलं हे दुकान सुवर्णाताईंचं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं. ताई "आलेच हं" म्हणून शेजारी कुरिअरवाल्याकडे गेल्या होत्या, आणि कोपऱ्यातल्या बाकावर एक तरुण बसला होता, जो तिला दिसलाच नव्हता. त्याच्या मांडीवर एक कीबोर्ड होता. त्यावरची निम्मी अक्षरं घासून पार पुसून गेलेली.

"तुम्ही सगळं ऐकलंत?"

"शिव्या तेवढ्या ऐकल्या नाहीत," तो म्हणाला. "बाकी सगळं ऐकलं."

तो उठून काउंटरशी आला, आणि येता येता त्याच्या कोपराने तिची पाण्याची बाटली खाली पाडली.

"सॉरी... दिसली नाही."

"एवढी लालभडक बाटली?"

त्यावर तो नुसता हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते, हे हर्षालीच्या उगीचच लक्षात आलं.

"कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप," तो म्हणाला. "तिन्ही एकदम दाबा."

तिने प्लास्टरमधला उजवा हात उचलून सरळ त्याच्या नाकासमोर धरला. "कसं दाबू? नाकाने?"

"अरे!" तो खरंच ओशाळला. "हे मी बघितलंच नाही."

"कमाल आहे तुमची! अख्खं इंदिरानगर थांबवून थांबवून विचारतंय मला, कशी पडलीस, कुठे पडलीस... आणि तुम्हाला दिसलंच नाही?"

"मग मीही विचारतो. कशा पडलात?"

"शेकाट्याचा फोटो काढताना. मागे सरकत गेले... आणि बांध संपला."

आता तो मोकळेपणाने हसला, आणि मग तीही. शेकाट्या म्हणजे लांब गुलाबी पायांचा पाणपक्षी, हेही तिने त्याला सांगून टाकलं. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्ष्यांवर मुलांसाठी ती एक पुस्तक लिहीत होती. महिनाअखेर ते प्रकाशकाकडे जायला हवं होतं, नाहीतर पक्ष्यांचा यंदाचा हंगाम हुकणार होता. आणि नेमका आत्ताच हात मोडला होता, त्यात लॅपटॉपही रुसला होता.

"शिफ्टचं बटण पाच वेळा दाबा. एकामागून एक," तो म्हणाला. "हं. विचारतंय ना काहीतरी? हो म्हणा. आता तीन बटणं एकदम दाबायची गरज नाही. एकेक करून दाबा, तो लक्षात ठेवतो."

तिने डाव्या हाताने एकेक बटण दाबलं. पडद्यावर एक यादी उघडली.

"आता ही मंडळी बघा. तुम्ही लॅपटॉप सुरू केला रे केला, की हे सगळे न बोलावता पंगतीला येऊन बसतात. मग तुमच्या ताटापर्यंत वाढपी येणार कधी? ज्यांना बोलावलं नाही त्यांना उठवा. नाही, तो राहू द्या, तो व्हायरस अडवणारा, तो घरचा आहे."

तिने एकेकाला उठवलं. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. आणि ते चक्र एकदा फिरलं न फिरलं तोच तिचं पान समोर उघडलं!

त्या सगळ्या वेळात त्याने तिला एकदाही माउसला हात लावायला सांगितलं नव्हतं. सांगता सांगता स्वतःच्या त्या जुन्या कीबोर्डवर मात्र त्याची बोटं न बघता फिरत होती... पेटी वाजवणाऱ्यासारखी.

"तुमचं नाव?"

"किशोर खैरनार. मूळ सटाण्याचा. घरी बसून बँकांच्या वेबसाइटी तपासतो." मग जरा थांबून, "अडलं तर विचारा. नंबर... देऊ का?"

"एका हाताने लिहून घेता येत नाही मला," हर्षाली म्हणाली. "तुम्हीच मिस्ड कॉल द्या."

*

मग अडायला लागलं. कधी खरंच, कधी... जरासं मुद्दामच.

जॉगिंग ट्रॅकजवळच्या वाचनालयात खिडकीलगत एक टेबल होतं. थंडीचं कोवळं ऊन तिथे दुपारभर रेंगाळायचं. हर्षाली लॅपटॉप घेऊन यायची, किशोर त्याचं काम घेऊन यायचा, आणि मध्येच तो तिला एखादी युक्ती सांगायचा.

"विंडोजचं बटण आणि व्ही. आधी काय काय कॉपी केलंत ते सगळं दिसेल. शेवटचं एकच नाही."

"अय्या! हे एवढे दिवस लपून बसलं होतं?"

"लपलं नव्हतं. कोणी विचारत नाही त्याला. आणि हे टाचणीचं चित्र दिसतं ना? ते दाबलं की ती ओळ जात नाही. लॅपटॉप बंद केला तरी."

हर्षालीने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "माणसांना टाचणी लावता येते?"

"प्रयत्न चालू आहे," तो त्याच्या पडद्याकडे बघत म्हणाला.

दोघांनी बराच वेळ वर बघितलं नाही.

एकदा त्याने तिला बोलून लिहायला शिकवलं. विंडोजचं बटण आणि एच, की लॅपटॉप ऐकायला लागतो. दुसऱ्या दिवशी ती आली ती हसू दाबतच. "वाचा हे," तिने त्याच्यासमोर पान धरलं. लिहिलं होतं, 'हळदी-कुंकू बदक उथळ पाण्यात राहते त्याची चोच कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर गं मी अंघोळीला चालले.'

किशोर इतका हसला, की ग्रंथपालांनी चष्म्यावरून बघितलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हां माय, जेवनू. बरं शे," तो हळूच अहिराणीत म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. हर्षालीला वाटलं, या आवाजात आपल्याशी कोणी बोललं तर... आणि तिने घाईघाईने बदकांकडे लक्ष वळवलं.

कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. पुस्तक पुढे सरकत होतं. एकच गोष्ट तिला खुपत होती. ऊन खिडकीवरून उतरायला लागलं, की किशोर आवरायला घ्यायचा. गप्पा कितीही रंगोत, चहा अर्धा असो... "निघतो मी." कुठे, का, ते नाही.

"कोणी वाट बघतं का?" तिने एकदा विचारलं. हसत, पण मनापासून.

"नाही गं," तो म्हणाला. आणि तरीही गेलाच.

*

प्लास्टर निघालं आणि त्याच आठवड्यात पुस्तकही प्रकाशकाकडे गेलं.

"आज गंगेवर, रामकुंडावर जायचं," हर्षालीने फोनवर जाहीर केलं. "आरतीला. माझ्याकडून चहा, मिसळ, काय हवं ते."

"संध्याकाळी?"

"आरती दुपारी नसते, किशोर."

त्याने वेळ दोनदा विचारून घेतली. मग म्हणाला, "येतो."

रामकुंडावर गर्दी होती. पाण्यावर अजून थोडा उजेड होता, पण पायऱ्यांवर अंधार उतरला होता. हर्षाली बोलत बोलत पुढे चालली होती. मागे काहीतरी सांडल्याचा आवाज झाला म्हणून तिने वळून बघितलं, तर किशोरचा पाय एका बाईच्या टोपलीत गेला होता. द्रोण, झेंडूची फुलं, वाती... सगळं पायरीभर पसरलं होतं.

"आरं, डोळे हायेत का नाय?" बाई ओरडली.

"फारसे नाहीत, मावशी," किशोर शांतपणे म्हणाला, आणि खाली बसून हाताने चाचपत फुलं गोळा करायला लागला.

बाई उठून जवळ आली. मग तिने त्याच्या दंडाला धरून त्याला कडेला बसवलं. "ऱ्हाऊ दे बाबा. मी वेचते."

हर्षाली त्याच्याशेजारी बसली. आरती सुरू झाली होती. घंटांचा आवाज थोडा ओसरल्यावर तो बोलायला लागला.

"समोरचं दिसतं. एवढंच." त्याने मूठ नळीसारखी करून डोळ्यांसमोर धरली. "बाजूचं दिसत नाही. तुझी बाटली, तुझा हात... आणि अंधार पडला की समोरचंही जातं. माउसचा बाण तर पडद्यावर मला सापडतच नाही, म्हणून सगळं बटणांवर. हे वाढत जाणार आहे, हर्षाली. माझ्या मामाचं तसंच झालं."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. रोज." तो हसला, पण खळी पडली नाही. "तू मला नुसता वेंधळा समजत होतीस. ते मला फार आवडत होतं."

तिच्या पायाशी झेंडूचं एक फूल राहिलं होतं. तिने ते उचलून त्याच्या ओंजळीत ठेवलं.

"तुझं सगळं जगणं बघण्याचं आहे," तो म्हणाला. "आता हात बरा झाला, पुस्तकही झालं. इथपर्यंत छान होतं. इथेच थांबू या."

तिने त्याला रिक्षेपर्यंत नेलं. रिक्षा गेली आणि मग तिला रडू आलं.

*

आठवडा गेला. त्याचा फोन नाही. तिने केला नाही. ती घाबरली होती, हे तिने स्वतःपाशी कबूल केलं. उद्या याला काहीच दिसेनासं झालं तर? आपण पाखरू बघून "ते बघ!" म्हणून ओरडणार, आणि हा...

एका दुपारी तिने त्याच्याकडूनच कधीतरी ऐकलेली एक युक्ती करून बघितली. विंडोज, कंट्रोल, एंटर. लॅपटॉप पडद्यावरचं वाचून दाखवायला लागला. तिने स्वतःचं पुस्तक उघडलं आणि डोळे मिटून घेतले. हिंदी वळणाचा तो यांत्रिक आवाज एकेक ओळ वाचत गेला. जांभळा, तपकिरी, तांबूस, पांढरा, काळा... पानामागून पान, नुसते रंग. तळ्यावर पहाटे जो कालवा असतो, पंखांची सळसळ, चक्रवाकाची ती नाकातून आल्यासारखी हाक... त्यातलं पुस्तकात काहीच नव्हतं. तिने कान असून ते कधी लिहिलंच नव्हतं.

तिने डोळे उघडले आणि प्रकाशकांना फोन लावला. "छापू नका अजून. थोडं वाढवायचं आहे."

त्या रात्री जेवताना तिने आईला सगळं सांगितलं. आईने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"कीव येते का तुला त्याची?" शेवटी तिने एवढंच विचारलं.

"नाही. राग येतो."

"कशाचा?"

"माझ्या वाटचं त्यानेच ठरवून टाकलं, त्याचा."

"मग हे मला कशाला सांगतेस?" आईने तिच्या ताटात भात वाढला. "त्याला सांग."

*

"रविवारी सकाळी तयार राहा," हर्षालीने फोनवर सांगितलं. "भरपूर उजेड असेल. नाही म्हणायचं नाही."

तो नाही म्हणाला नाही.

मैत्रीण स्नेहलने गाडी चालवत दोघांना नांदूरमध्यमेश्वरला आणलं, आणि "मला पक्ष्यांत काही कळत नाही" म्हणून समजूतदारपणे गाडीतच झोपून गेली. धुकं वर जात होतं. तळ्यावर ऊन पसरत होतं. हर्षालीने बांधावर तिवई उभी केली, त्यावर मोठी दुर्बीण चढवली, आणि एका जागी रोखून बाजूला झाली.

"बघ."

"हर्षाली, मला कुठलं..."

"बघ तर."

तो वाकला. एक डोळा मिटला. आणि मग हललाच नाही.

"एक पक्षी आहे," तो कितीतरी वेळाने म्हणाला. "पाय... केवढे लांब आहेत! पाण्यात त्याचंच प्रतिबिंब आहे, आणि तो त्यालाच टोचतोय. डोळा लाल आहे त्याचा. हर्षाली, डोळा दिसतोय मला त्याचा!"

"शेकाट्या," ती म्हणाली. "आणि दुर्बिणीतून मलाही एवढंच दिसतं, बरं का. सगळ्यांनाच एवढंच दिसतं. बाजूचं तळं कोणालाच दिसत नाही."

तो सरळ झाला. चेहरा थोडा इकडे, थोडा तिकडे वळवून त्याने तिला शोधलं, आणि ती सापडल्यावर तिथेच थांबला. आजवर त्याने तिच्याकडे असं पूर्ण, न चुकवता, कधी बघितलं नव्हतं.

"हेही जाईल कधीतरी," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे. भीती वाटते मला त्याची." ती त्याच्यासमोरून हलली नाही. "पण तुझ्याशिवाय राहायची जास्त वाटते. त्या दिवशी तू मला विचारलंच नाहीस, किशोर. परस्पर निकाल देऊन रिक्षात बसलास. आता विचार."

"काय विचारू?"

"तुला माहितीय."

दूर कुठेतरी चक्रवाक ओरडला. किशोरने हात पुढे केला, थोडा चुकीच्या दिशेने... तिनेच तो मध्ये गाठून घट्ट धरला.

"माझ्याशी लग्न करशील?" त्याने विचारलं. "मी बाटल्या पाडेन. खूप."

"करीन. पण आधी सटाण्याला येऊन तुझ्या आईला भेटायचंय मला. 'जेवनू, बरं शे' एवढ्यावर किती दिवस तिची बोळवण करणार?"

तो एकदम मोठ्याने हसला. इतक्या मोठ्याने, की समोरचा सगळा थवा फडफडत पाण्यावरून उठला आणि उन्हात वर गेला.

"उडवलेस ना सगळे!"

"गेले?" तो वर आवाजाकडे बघत राहिला. पंखांची ती सळसळ डोक्यावरून गेली, वळली, लांब झाली.

"येतील," हर्षाली म्हणाली आणि बांधावरच्या गवतात त्याच्याशेजारी बसली. "आपण गप्प बसलो की येतात परत."

मग ती दोघं हातात हात घेऊन, अगदी न बोलता, तिथे बसून राहिली. आणि थोड्या वेळाने पाण्यावर पहिला पक्षी उतरल्याचा आवाज आला.