काळ्या चहाचा पुरावा

आमच्या गावची माती लोखंडाने लाल, जांभा दगड लाल, पावसात ओढ्याचं पाणीसुद्धा लाल. मग माझ्याच अंगात लोह कमी कसं? हे काम ढेकणाचंच, असा माझा पक्का संशय होता.

ढेकूण म्हणजे गावच्या आरोग्य उपकेंद्रातला यंत्रमानव. त्याचं खरं नाव आरोग्यमित्र. पण दर सोमवारी तो मुलींच्या बोटातून थेंबभर रक्त घ्यायचा, म्हणून आम्ही त्याला ढेकूण म्हणायचो. मग तो हिमोग्लोबिनचा (रक्तातून प्राणवायू वाहून नेणारा, लोह असलेला पदार्थ) आकडा सांगायचा आणि लोहाच्या गोळ्या द्यायचा. मी रोज गोळी घेत होते, तरी माझा आकडा उतरतच होता. खो-खोत दोन वळणांतच मला धाप लागायची. आकडा वाढला नाही तर जिल्ह्याच्या संघात घेणार नाही, असं खेळाच्या सरांनी सांगून टाकलं होतं.

शेवटी मी एक गोळी ठेचून चहाच्या कपात टाकली. चहा बघता बघता काळाकुट्ट झाला. विषच हे, दुसरं काय? कप घेऊन मी तडक उपकेंद्र गाठलं.

"हे काय आहे ते सांग," मी म्हटलं.

"आधी तू सांग," ढेकूण म्हणाला. "गोळ्या फेकून देतेस ना, दर्शना? मला बरेच दिवस संशय आहे."

चोराच्या उलट्या बोंबा. "एकही फेकली नाही. उलट तूच माझं रक्त पितोस."

"त्या थेंबाची भरपाई शरीर काही मिनिटांत करतं. हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा (रक्तपेशी बनवणारा मऊ भाग) असते. ती दर सेकंदाला लाखो तांबड्या पेशी बनवते. पेशी चारेक महिने जगते, मग मोडते आणि तिच्यातलं लोह नव्या पेशीसाठी वापरलं जातं."

"मग मला कमी का पडतं?"

"तू वाढत्या वयाची आहेस, पाळीही सुरू झाली आहे. त्यामुळे बाहेरून जास्त लोह लागतं. ते मिळालं नाही की पेशी लहान आणि फिकट बनतात, प्राणवायू कमी नेतात आणि धाप लागते. हाच रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया." मग त्याने वाकून कपात पाहिलं. "पण गोळी चहात का टाकलीस?"

"रोज चहाबरोबरच तर घेते. आई म्हणते, 'च्यायेवांगडा घे गो, कडू लागाची नाय.' इथे सगळ्या घरांत तसंच घेतात."

ढेकणाने कप बाजूला ठेवला. "हे मी कधी विचारलंच नाही," तो म्हणाला. "चहात टॅनिन (तुरटपणा आणणारा पदार्थ) असतं. ते लोहाला धरून ठेवतं, म्हणून हा काळा रंग. पूर्वी शाईसुद्धा अशीच करत. असं अडकलेलं बरंचसं लोह आतड्यातून रक्तात जातच नाही, तसंच बाहेर पडतं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, चहा दोन तासांनी पी. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं."

खरं सांगायचं तर मी हिरमुसले. ढेकूणच दोषी निघावा, अशी माझी फार इच्छा होती.

घरी सांगितल्यावर आईचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच गो तुका दमयलंय?" ती म्हणाली. मला तिची फार दया आली.

पुढे आकडा चढू लागला. मी तालुक्याच्या प्रयोगशाळेतही तो तपासून घेतला, कारण ढेकणावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा माझा स्वभाव नाही. मला संघात घेतलं.

सामना बघायला निघालेली आई घाटीच्या चढणीवर निम्म्या पायऱ्यांतच धाप लागून बसली. "वय झाला आता," ती हसून म्हणाली. तिला अजून चाळिशीही लागली नव्हती. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतली बाजू लाल हवी, ती पांढुरकी होती.

सोमवारी मी तिला उपकेंद्रात नेलं आणि तिचं बोट ढेकणापुढे धरलं.

"हिचंही बघ," मी म्हटलं. "आणि इतकी वर्षं आयांना कुणी का तपासलं नाही, तेही मला सांग."