रुस्कोसाठी ठेवलेलं जाकीट

यार्मो माझ्याकडे जाकीट मागायला आला तो शनिवार होता. तीन वर्षांपूर्वीचा, नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. दुसऱ्या दिवशी 'फादर्स डे', त्या दिवशी आपल्याकडे घरोघरी झेंडा चढतो, म्हणून मी अंगणात झेंड्याची दोरी तपासत होतो. दुपारचे साडेतीन, म्हणजे आपल्या उत्तरेकडच्या हिवाळ्यात अंधारच.

"माझ्यासाठी नको," तो म्हणाला. "बाबांचं एखादं जुनं जाकीट तुमच्याकडे राहिलंय का, टौनोकाका?"

शेकोटीपलीकडून तू हसू नकोस, यूसो. तुझाही कुत्रा एक दिवस सशामागे जाईल आणि परतणार नाही, तेव्हा तूही हेच करशील. जिथे सोडला तिथे अंगातलं जाकीट काढून जमिनीवर पसरायचं आणि निघून यायचं. सकाळी कुत्रा त्यावर झोपलेला असतो. माझ्या बापाने केलं, मी केलं, इथे बसलेल्या या ओनेर्वाच्या आजीनेसुद्धा केलं. फक्त जाकीट मालकाचं हवं. कागदावरचा मालक चालत नाही, कुत्र्याने मानलेला लागतो.

आणि हरवलेल्या कुत्र्याने, रुस्कोने, मानलेला मालक म्हणजे उर्हो, यार्मोचा बाप. माझा चाळीस वर्षांचा शिकारीतला सोबती. शिकार संपली की तो कुत्र्याचा पट्टा काढायचा, रिकाम्या पट्ट्याचं बक्कल पुन्हा लावायचा आणि फांदीला अडकवायचा. आम्ही चिडवायचो, "बक्कल कशाला? पळून जाईल का पट्टा?" तो म्हणायचा, "उघडा ठेवला तर कुत्र्याला वाटतं, अजून काम बाकी आहे."

उर्होला पक्षाघात झाला त्या उन्हाळ्यात. ऑगस्टमध्ये यार्मोने त्याला वृद्धाश्रमात ठेवलं, इथून नऊ किलोमीटरवर. ठेवलं ते ठेवलं. पण पंधरा दिवसांत घर रिकामं करून विकायला काढलं, कपडे दान-पेटीत टाकले, कुलूप बदललं. सप्टेंबरात एकदा म्हातारा काठी टेकत टॅक्सीने आला. मी माझ्या खिडकीतून पाहत होतो. दाराची मूठ त्याने एकदाच दाबली. हळू. दुसऱ्यांदा नाही. मग पायरीवर बसला, टॅक्सीवाला घेऊन जाईपर्यंत. मी गेलो का त्याच्याजवळ? नाही. मला वाटलं, त्याला लाज वाटेल. असली कारणं माणसाला पटकन सुचतात.

ऑक्टोबरपासून तो अंथरुणावरच होता. विचारायचा एकच गोष्ट. रुस्को जेवला का? यार्मो सांगायचा, जेवला. मग विचारायचा, कधी आणतोस? यार्मो सांगायचा, आश्रमात कुत्रा चालत नाही.

"खरंच चालत नाही का?" ओनेर्वाने विचारलं.

चालतो. दर रविवारी चालतो, दारावर पाटी आहे.

त्या आठवड्यात नर्सने यार्मोला बाजूला घेऊन सांगितलं, आता दिवस नाहीत, तास मोजा. तेव्हा कुठे त्याने बापाला शब्द दिला, रविवारी रुस्कोला आणतो म्हणून. आणि शुक्रवारी, कुत्र्याचे पाय मोकळे व्हावेत म्हणून, त्याला जंगलात सोडला. पट्ट्यावरचं जीपीएस चार्ज करायला विसरला. दुपारपर्यंत भुंकणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं आणि फोनवरचा ठिपका गेला.

म्हणून तो माझ्या अंगणात उभा होता.

"माझ्याकडे नाही," मी म्हणालो. "तुझ्या बापाचे कपडे तू पेटीत टाकलेस. आश्रमात त्याचा स्वेटर असेल, तो आण. नऊ किलोमीटर तर आहे."

"तिथे गेलो की तो विचारणार."

"मग सांग, हरवला म्हणून."

"तुम्ही सांगाल का, काका?"

मी दोरीला गाठ मारत राहिलो. तो गेला.

पुढचं त्याने मला सांगितलं ते रविवारी सकाळी, माझ्या स्वयंपाकघरात. कॉफी थंड झाली तरी कपाला हात लावला नाही.

त्याने स्वतःचंच जाकीट नेलं. ओंडक्यांचे ट्रक जातात त्या रस्त्याच्या टोकाशी, जिथे रुस्कोला सोडला होता तिथे, एका भूर्जाच्या झाडाखाली पसरलं. घरी जायला हवं होतं. पण रविवार तोंडावर आलेला. तीस पावलांवर गाडी लावून तो आत बसून राहिला. थंडी वजा आठ. वारा नाही. चंद्र नाही.

रात्री एक पस्तीसला फोन वाजला. आश्रमाचा नंबर.

याआधी दोनदा म्हाताऱ्याने नर्सकडून असाच मध्यरात्री फोन लावून घेतला होता. रुस्को जेवला का, विचारायला. यार्मोने फोन कापला.

पुन्हा वाजला. पुन्हा कापला.

एक चाळीसला तिसऱ्यांदा आवाज आला, पण वेगळा. जीपीएसचा. नकाशावर ठिपका उगवला होता. शुक्रवारपासून मेलेली बॅटरी, आणि ठिपका उगवला. कुठे, तर आश्रमाच्या अंगणात.

यार्मोला आनंद झाला. मला म्हणाला, "काका, मी हसलो. म्हटलं, बघा गाढवाला, शोधत शोधत बाबांकडे गेला." त्याने गाडी सुरू केली. तेवढ्यात ठिपका हलला. याच रस्त्याने येऊ लागला. म्हणजे कुत्रा परत फिरला, त्याला वाटलं. इथेच थांबलेलं बरं. गाडी बंद केली.

पण ठिपका धावत नव्हता.

रुस्को तुम्ही पाहिला नाहीत. तो चालायचा नाहीच, सुटायचा. हा ठिपका ताशी चार किलोमीटरने येत होता. बसथांब्यापाशी थांबला. दोन मिनिटं. मग निघाला. बंद पडलेल्या दुकानापाशी थांबला. पाच मिनिटं. तिथल्या पायऱ्यांवर उर्हो बसायचा, गुडघा चोळत. मग पुलाच्या कठड्यापाशी...

पुलापर्यंत ठिपका आला तेव्हा यार्मोला कळलं होतं. काय कळलं, ते त्याने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्याने गाडीची दारं आतून बंद केली.

यूसो, तो कुत्र्याला घाबरला नव्हता.

दोन तास. सव्वादोन तास. तो ठिपका पाहत राहिला. चार वाजायच्या सुमारास ठिपका मुख्य रस्ता सोडून ओंडक्यांच्या रस्त्याला लागला. पाचशे मीटर. दोनशे. दिवे लावावेत असं त्याला वाटलं. हात उठला नाही.

पन्नास.

पावलं वाजली नाहीत. गोठलेली खडी आहे ती. मांजर गेलं तरी वाजते.

ठिपका गाडीवर आला. त्याच्या स्वतःच्या ठिपक्यावर.

आणि दाराची मूठ उचलली गेली. एकदाच. हळू.

...

मग काही नाही.

काचेवर आतून वाफ धरली होती. बाहेरचं दिसत नव्हतं. पुसली असती तर दिसलं असतं. त्याने पुसली नाही. तो बोलला मात्र. काय बोलला, ठाऊक आहे? म्हणाला, "बाबा, उद्या आणणारच होतो मी त्याला."

बाहेर कुणी नाक ओढलं. कुत्रा ओढतो तसं, की माणूस ओढतो तसं, त्याला सांगता येईना.

ठिपका गाडीपासून सरकला. तीस पावलं. भूर्जापाशी बराच वेळ राहिला. मग विझला.

उजाडेपर्यंत यार्मो जागचा हलला नाही. आठ वाजता त्याने आश्रमाला फोन लावला. नर्स म्हणाली, आम्ही दोनदा केला होता फोन. एक वीसपासून त्यांचा श्वास अडखळत होता. तुम्ही यावं असं वाटलं. एक चाळीसला गेले.

मग तो माझ्याकडे आला. मी झेंडा चढवत होतो. अर्ध्यावरच थांबवला.

"तुम्ही चला," तो म्हणाला. "मला एकट्याने बघवत नाही."

आम्ही गेलो. जाकीट होतं तसंच होतं, बाह्या पसरलेल्या. वर गोठलेल्या दवाचा पातळ थर, कुठेही न मोडलेला. रात्रभर त्यावर काही टेकलं नव्हतं, नाकसुद्धा नाही. आजूबाजूला कुत्र्याचं पाऊल नाही, माणसाचं नाही. यार्मो जाकिटाकडे पाहत राहिला. छपन्न वर्षांचा माणूस. म्हणाला, "माझ्या जाकिटावर का नाही बसला तो?"

मला उत्तर येत होतं. दिलं नाही. आणि मलाही कुणी विचारायला हवं होतं. दर रविवारी माझी गाडी रिकामीच असायची, रुस्को चार घरं सोडून होता, मी तरी कुठे नेला त्याला? सगळं गाव यार्मोला नावं ठेवतं, मीही ठेवतो. सोपं आहे ते.

रुस्को सापडला नाही. वसंतात बर्फ वितळल्यावर आम्ही अकरा जणांनी ते जंगल पायाखाली घातलं. एक हाडही मिळालं नाही.

"मग तो लांडग्यांनी नेला असेल," यूसो म्हणाला.

असेल. मीही पहिलं तेच म्हणालो असतो.

पण त्या सकाळी यार्मोने जाकीट उचललं, झटकलं, आणि उभा राहताना त्याचं डोकं कशाला तरी लागलं. भूर्जाच्या खालच्या फांदीला पट्टा अडकवलेला होता. नारिंगी, जीपीएसवाला, रुस्कोच्या केसांसकट. आमच्यापैकी कुणीच तो काढला नाही.

गेल्या वर्षी ते जंगल तोडलं. यंत्रवाल्याने सगळं सपाट केलं, तो एक भूर्ज सोडून. का सोडला, मी विचारलं नाही. परवाच गेलो होतो. पट्टा आहे अजून.

रिकामा. आणि बक्कल लावलेलं.