एकाहत्तर किलो चारशे

माझी नोकरी वजनमाप खात्यातली. बाजारातले तराजू तपासायचे, खोटे निघाले तर जप्त करायचे, खरे निघाले तर शिक्का मारायचा. काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे मी लेकीला इतक्यांदा ऐकवलंय की मी तोंड उघडलं की ती कानात बोटं घालते.

आई गेल्यावर तिची मांजर आमच्याकडे आली. शेवटी शेवटी आई नुसती वाळत गेली होती. सगळे रिपोर्ट चांगले, अंगठी मात्र बोटातून गळून पडायची. जाताना एवढंच म्हणाली, "हिला मांडी लागते रे. नाही म्हणू नकोस."

लेकीने तिचं नाव ठेवलं राणीसरकार, आणि ते शोभलं. सकाळी सहाला माझ्या पापणीवर पंजा. वाटीचा तळ दिसला की वाटी रिकामी, मग कडेला कितीही खाणं असो. पाणी नळाचंच, तेही बारीक धारेचं. आणि दुपारी चारला मांडी. मी तीनला घरी येतो, त्यामुळे ती सेवा माझ्याकडे. वीस मिनिटं, ना कमी ना जास्त.

आईकडे गुबगुबीत होती; आईनंतर काही आठवडे मांडीविना काढून आमच्याकडे आली तेव्हा हाडांचा सापळा होती. तपासून जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "किडन्या गेल्यात. वजन असंच उतरत राहिलं तर महिनाभर." मला ते फार लागलं. आईच्या मागे जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

दर रविवारी वजन करायचं ठरवलं. एकटी ती काट्यावर ठरत नाही. म्हणून आधी तिला घेऊन चढायचो, मग एकटा. दोन्ही कच्चे आकडे कॅलेंडरवर पेन्सिलने, वजाबाकी मनात, आणि तिचं निव्वळ वजन वहीत. ऑफिसची सवय. निव्वळ लिहून झालं की कच्च्याकडे कोणी बघत नाही.

वही बघून मी खूश होतो. तीन किलो दोनशे. साडेतीन. चार. आठव्या रविवारी पाच तीनशे.

"काय खायला घालता हो? मलाही सांगा," डॉक्टर हसले. सांगण्यासारखं काही नव्हतं. वाटीतलं निम्मं खाणं तसंच राहायचं.

"ती बाळसं धरतेय आणि तुम्ही वाळताय," बायको म्हणाली. मी घड्याळाच्या पट्ट्याला दाभणाने नवं भोक पाडत होतो.

"उन्हात हिंडतो ना," मी म्हणालो.

महिना संपला म्हणून कॅलेंडरचं पान उलटताना कच्च्या आकड्यांवर नजर गेली. तिला घेऊन, एकाहत्तर चारशे. त्याआधीच्या रविवारीही तेच. मागचं पान काढलं. तिथेही तेच. आठही रविवार.

काटा अडकला असणार. ऑफिसातली प्रमाणित वजनं आणून तपासला. काटा खरा होता.

माझा एकट्याचा आकडा मात्र दर आठवड्याला उतरत होता. तिच्यात जेवढं चढलं, तेवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मी साडेपाचला घरी येऊ लागलो. मला भीती वाटत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. आईचा शब्द मोडल्याची लाजही वाटत होती.

तीन रविवार मी एकटाच काट्यावर चढलो. माझं वजन जागचं हललं नाही. आता ही खंगणार, या धास्तीने मी तिला उचलून काट्यावर चढलो.

सहा किलो शंभर.

"चारला कुठे असते गं ही?" मी लेकीला विचारलं.

"माझ्या मांडीवर. अभ्यास करताना. नाही म्हटलं तर नुसती बघत बसते."

सोमवारी मी तीनलाच घरी आलो. चारच्या ठोक्याला मांडी थोपटून म्हटलं, "ये."

राणीसरकारने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती लेकीच्या खुर्चीकडे गेली.

मी तिला उचलून आणलं. ती निमूट उठून परत गेली. असं तीनदा झालं.

"असू दे ना, बाबा," लेक म्हणाली. "मला सवय झालीये."

तिने पुस्तकाचं पान उलटायला हात उचलला. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरलं. त्याच्या पट्ट्याला कर्कटकाने पाडलेली दोन नवी भोकं होती.